बटरऐवजी मार्गारीन चालेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंड्याला मी घरून केक-बिस्किटांच्या ऑर्डरी घेते. चवथ (गणेश चतुर्थी) आणि नाताळाच्या आधी शिकायला येणाऱ्या बायका आणि कॉलेजच्या मुली केकपेक्षा जास्त विचारतात ते त्या पिवळ्या, स्वस्त, एप्रिलमध्येही ओट्यावर तशीच बसून राहणाऱ्या वडीबद्दल. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते. घाईत असाल तर एवढंच घ्या: जिथे स्निग्ध पदार्थ पदार्थाची घडण सांभाळतो तिथे मार्गारीन चालतं, काही वेळा बटरपेक्षा बरं चालतं. जिथे त्याची चव थेट जिभेवर येते तिथे चालत नाही.

या पानावर ‘बटर’ म्हणजे दुकानातलं पॅकबंद, आणि ‘लोणी’ म्हणजे घरी साय घुसळून काढलेलं.

मार्गारीन म्हणजे नेमकं काय?

वनस्पती तेल आणि पाणी एकजीव करून, थंड करत घुसळून जमवलेला गोळा. बटरही मुळात तेच आहे, फक्त त्यातला स्निग्धांश दुधाचा. आपल्याकडचा कायदा दोघांनाही साधारण एकच माप लावतो: किमान ८० टक्के स्निग्धांश, आणि पाणी १६ टक्क्यांच्या वर नाही. टेबल मार्गारीनमध्ये दर ग्रॅममागे किमान ३० आंतरराष्ट्रीय एकक अ जीवनसत्त्व घालावंच लागतं, कारण बटरमध्ये ते आपसूक असतं आणि तेलात नसतं.

तेल आणि पाणी धरून ठेवायला लेसिथिन किंवा मोनो-डायग्लिसराइड घालतात. पाकिटावर ते ३२२ किंवा ४७१ अशा आकड्यांत दिसतं. पिवळा रंग बीटा कॅरोटीनचा किंवा सिंदुरीच्या बियांचा. बटरसारखा वास येतो तो डायअॅसिटिलचा, आणि हा पदार्थ विरजलेल्या सायीच्या लोण्यातही आपोआप तयार होतो.

मग डालडा आणि मार्गारीन एकच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त पदार्थ या गैरसमजापायी बिघडतात. वनस्पती तूप, ज्याला आपण कुठल्याही कंपनीचं असलं तरी डालडाच म्हणतो, ते जवळजवळ शंभर टक्के स्निग्ध असतं. त्यात पाणी नाही. मार्गारीनमध्ये शंभर ग्रॅमला पंधरा-सोळा ग्रॅम पाणी असतं. केकमध्ये हे पाणी कामाला येतं, तळणीत आणि साट्यात (चिरोट्यांच्या थरांना लावायच्या तुपाच्या लेपात) घात करतं. डालडा तुपाच्या जागी आलं, मार्गारीन बटरच्या. ज्याच्या जागी जे आलं त्याच्याच जागी ते वापरा, म्हणजे निम्मे घोळ टळतील.

दुकानात तीन-चार प्रकारच्या वड्या आणि डबे दिसतात. कुठलं घ्यायचं?

ब्रँड नंतर बघा, आधी पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा.

‘टेबल मार्गारीन’ लिहिलं असेल तर ८० टक्क्यांचं. बटरच्या जागी वजनाला वजन घालता येतं.

‘फॅट स्प्रेड’ लिहिलं असेल तर सावध. यात स्निग्धांश ८० टक्क्यांहून कमी असतो आणि चाळीसपर्यंतही उतरतो. उरलेलं बहुतेक पाणीच. ‘लाइट’, ‘टेबल स्प्रेड’ वगैरे नावांनी मिळणारे सकाळच्या पावावर लावायचे डबे बहुधा याच वर्गातले. पावाला लावायला काही हरकत नाही, उलट फ्रिजमधून काढल्या काढल्या सुरीने सरळ पसरतात. पण त्यात केक केलात तर तो बसतो, आणि बिस्किटं पापडासारखी पसरतात. ‘रेसिपी तीच होती, ओव्हनही तोच होता’ म्हणून जो फोटो मला पाठवला जातो, त्यात मागे ओट्यावर बहुतेक वेळा हाच डबा दिसतो. स्प्रेडमध्येही दुधाचा, मिश्र आणि निव्वळ वनस्पती असे तीन प्रकार आहेत. कुठला आहे ते पाकिटावर लिहिलेलं असतं.

‘बेकरी मार्गारीन’ मोठ्या खोक्यात येतं. म्हापशाच्या बाजारात किंवा मडगावला बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात सुटं कापून देतात. त्यातही केकचं वेगळं आणि पफचं वेगळं. केकचं मऊ, फेटल्यावर हवा धरणारं. पफचं चिवट, लाटलं तरी न तुटणारं. दुकानदाराला नुसतं ‘मार्गारीन द्या’ म्हणालात तर तो समोर असेल ते देणार. कशासाठी हवं ते सांगा, आणि सुटं घेताना मूळ खोक्यावरची तारीख बघायला मागा. दाखवत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

शंभर ग्रॅम बटर लिहिलंय, त्याऐवजी काय किती घालू?

८० टक्क्यांचं मार्गारीन असेल तर शंभर ग्रॅमच. रेसिपीत बिनमिठाचं बटर असेल आणि तुमच्या मार्गारीनमध्ये मीठ असेल तर रेसिपीतलं मीठ काढून टाका.

तूप घालायचं असेल तर ऐंशी ग्रॅम तूप आणि वर साधारण एक मोठा चमचा दूध किंवा पाणी. डालड्यालाही हेच माप. तेल घालायचं असेल तर ऐंशी ग्रॅमच्या आसपास, पण फक्त अशा केकला ज्यात बटर साखरेबरोबर फेटायचं नसून वितळवून घालायचं असतं. तेल हवा धरत नाही.

फॅट स्प्रेडचं माप मी देत नाही. ते चाळीस टक्क्यांचं आहे की सत्तर, यावर सगळं अवलंबून, आणि त्यातलं पाणी काही बाहेर काढता येत नाही.

केकला मार्गारीन घातलं तर कळतं का?

साध्या व्हॅनिला केकमध्ये कळतं. चॉकलेट, कॉफी, खजूर-अक्रोड किंवा मसाल्याच्या केकमध्ये भल्याभल्यांना कळत नाही. मी स्वतः व्हॅनिलाला आणि पाउंड केकला बटर घालते, चॉकलेटला निम्मं-निम्मं.

पोताचं म्हणाल तर मार्गारीनचा केक अनेकदा जास्त हलका होतो, याचं कारण आपल्या हवेत आहे. बटर साखरेबरोबर नीट फेटलं जातं ते वीस अंशांच्या आसपास. तिसाच्या पुढे ते सैल पडायला लागतं, आणि ३२ ते ३५ अंशांना पूर्ण वितळतं. मे महिन्यात ओव्हन चालू असलेल्या गोव्यातल्या स्वयंपाकघरात ही वेळ दहा मिनिटांत येते. फेटताना फेस पांढरा होण्याऐवजी भांड्याच्या कडेला तेलाची चकाकी दिसू लागली, की हवा गेली असं समजा. मार्गारीन त्याच हवेत तग धरतं. बटरच वापरायचं असेल तर भांडं आणि फेटायची पाती आधी फ्रिजमध्ये ठेवा, काम सकाळी सातला उरका, आणि अंडी गार घाला.

आइसिंगचंही तसंच. निव्वळ बटरचं आइसिंग घेऊन पावसाळ्यात फोंड्याहून पणजीला जाईपर्यंत गुलाबांची फुलं पातळ होतात. निम्मं मार्गारीन घातलं की टिकतात. पूर्ण मार्गारीनचं आइसिंग मात्र टाळूला चिकटतं, ते मी करत नाही.

खारी आणि पॅटीस बेकरीसारखे सुटत नाहीत. बटरमुळे का?

बहुधा हो. इथे मी मार्गारीनच्या बाजूने आहे.

खारीत पीठ आणि स्निग्ध पदार्थ यांचे थर एकावर एक घडी घालून लाटतात. ओव्हनमध्ये गेल्यावर मधल्या पाण्याची वाफ होते, ती पिठाचा प्रत्येक पापुद्रा वर उचलते, आणि स्निग्ध थर ते पापुद्रे एकमेकांना चिकटू देत नाही. यासाठी लाटताना तो थर अखंड राहायला हवा. फार गार असला तर तुटतो, फार मऊ झाला तर पिठात जिरतो. बटरचा हा मधला टप्पा अरुंद आहे. फ्रान्समध्ये क्रोसाँ करणारे लोक थंड खोलीत काम करतात ते उगाच नव्हे. आपल्याकडे ३१ अंशांत दुसऱ्या घडीलाच बटर कडेने बाहेर येतं.

पफ मार्गारीन चाळीस अंशांच्या पुढे वितळतं. म्हणून ते पंख्याखालीही चपातीसारखं लाटलं जातं, आणि थर दाखवण्याइतके सुटतात. त्याचा तोटाही तिथेच आहे. तोंडातलं तापमान ३७, आणि हे वितळणार त्याच्या वर. गार पॅटीस खाल्ल्यावर टाळूवर जो थर उरतो तो याचाच. म्हणून बेकरीतले पॅटीस गरम करूनच खावेत आणि खारी गरम चहात बुडवूनच. चहात खारी बुडवायची रीत ज्याने पाडली त्याला याचं शास्त्र ठाऊक असण्याची गरज नव्हती.

बटरचीच खारी हवी असेल तर एसी लावा, आणि प्रत्येक घडीनंतर अर्धा तास फ्रिज. वेळ असेल तर जरूर करा, चवीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बेबिंकाला (थरांच्या गोवन गोडाला) तुपाऐवजी मार्गारीन?

नको.

थोडं सविस्तर सांगायचं तर, बेबिंकात प्रत्येक थराखाली चमचाभर तूप जातं आणि वरून आच लागते. तो थर तुपात भाजला जाऊन तांबूस होतो, मग पुढचा. मार्गारीन घातलं की आधी त्यातलं पाणी तडतडतं, थराला फोड येतात, आणि भाजल्याचा रंग उशिरा येतो. तोवर नारळाचा रस आटून थर चिवट झालेला असतो. शिवाय यात अंड्याचे बलक, नारळ आणि जायफळ यांच्यापुढे तुपाचा वास हीच चव आहे. बेबिंका स्वस्तात करायचाच असेल तर थर कमी करा. सातच करा.

आणि बाट, दोदोल?

दोदोलात, म्हणजे नारळाच्या रसात आटवून केलेल्या गोडात, प्रश्नच येत नाही. नारळाच्या रसातून त्याचं त्यालाच तेल सुटतं, वरून काही लागत नाही.

बाटमध्ये रवा, नारळ आणि अंडी. त्यात बटर असतं, पण नारळाचा दबदबा एवढा की निम्मं मार्गारीन खपून जातं. मिश्रण रात्रभर ठेवायचं असतं, रवा फुगायला. तेवढं चुकवू नका, बटर की मार्गारीन यापेक्षा त्याने जास्त फरक पडतो.

नेवऱ्या (करंज्या), चिरोटे, शंकरपाळी यांच्या मोहनात घालू का?

चवथीच्या आठवड्यात हा प्रश्न रोज येतो. मोहन म्हणजे कडकडीत तापवलेलं तूप किंवा तेल पिठात घालून पिठाचे कण माखून घेणं, म्हणजे त्यांना पाणी लगेच लागत नाही आणि पारी खुसखुशीत होते. मार्गारीन तापवून घातलं तर त्यातलं पाणीही पिठात जातं आणि आपण माखायला निघालो होतो तेच कण ते भिजवतं. नेवरी कडक होते, तेल जास्त पिते.

चिरोट्यांच्या साट्यात तर आणखी वाईट. साटा म्हणजे फेटलेलं तूप आणि तांदळाचं पीठ. मार्गारीनमधलं पाणी तांदळाचं पीठ शोषून घेतं, साटा डिंकासारखा होतो आणि थर सुटायचे ते चिकटतात. साट्याला तूप नाहीतर डालडा. आजीच्या पिढीने साट्याला डालडा पसंत केला त्यात निव्वळ काटकसर नव्हती. तो फेटल्यावर पांढराशुभ्र फुलतो आणि तळताना उशिरा सुटतो.

तळायला मार्गारीन कधीच घेऊ नका. पाण्याने अंगावर उडतं.

नानकटाई?

तूप. डालडा चालतो. मार्गारीन घातलं तर ती नानकटाई न होता बिस्किट होतं. वाईट नसतं, वेगळं असतं.

आमच्या पोदेराच्या (पाववाल्याच्या) पावात मार्गारीन असतं का?

रोजच्या पावात, उंड्यात किंवा पोयेत स्निग्ध पदार्थ असायचं कारण नाही. मैदा किंवा कोंड्यासकट पीठ, पाणी, मीठ, जरा साखर, आणि फुगवायला पूर्वी माडाची सूर, आता यीस्ट. गोड बन, क्रीम रोल आणि पाकिटातला स्लाइस पाव ही वेगळी गोष्ट. त्यात बहुधा मार्गारीन किंवा शॉर्टनिंग (बेकरीत वापरायचा घट्ट स्निग्ध पदार्थ) असतं आणि त्यामुळेच ते दोन-तीन दिवस मऊ राहतात. पोदेराचा पाव संध्याकाळी वातड होतो, कारण त्यात हे काही नसतं. ही त्याच्याबद्दलची तक्रार समजू नका.

हॉटेलात ‘बटर’ म्हणून जे मिळतं ते बटरच असतं का?

काही ठिकाणी असतं. तव्यावरच्या बनाला किंवा भाजीवर जो चौकोनी तुकडा टाकतात तो अनेकदा मार्गारीन किंवा स्प्रेड असतो, कारण भावात निम्म्याहून जास्त फरक पडतो. वापरणं बेकायदा नाही. बेकायदा आहे ते मार्गारीन वापरून मेनूवर बटर लिहिणं. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ यात, ग्राहकाने मागितला त्या जातीचा किंवा दर्जाचा पदार्थ न देणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गोव्यात तक्रार करायची ती बांबोळीच्या अन्न आणि औषध प्रशासन संचालनालयाकडे. पण चाळीस रुपयांच्या भाजी-पावावरून तिथे जाण्याआधी वेटरला सरळ विचारा. ‘बटर अमूलचं की दुसरं?’ असं विचारलं की बहुतेक जण खरं सांगतात.

घरी ओळखायचं कसं?

जाड बुडाच्या लहान कढईत चमचाभर घ्या, मंद आचेवर ठेवा, आणि बघत राहा. बटर आधी फेसाळतं, मग तडतडतं, मग आवाज हळूहळू बंद होतो आणि तळाशी तपकिरी कण जमतात. याच वेळी घरभर लोणी कढवल्याचा वास सुटतो. ते कण म्हणजे दुधातली प्रथिनं आणि साखर. मार्गारीन तडतडतं आणि मग पिवळं तेल उरतं. तळाला काही नाही, वास येतो तो गोडसर आणि आच वाढली की उडून जाणारा.

ही परीक्षा शंभर टक्के नाही. काही मार्गारीनमध्ये दुधाची पावडर असते, तिचेही कण दिसतात. मिश्र स्प्रेड तर कुणालाही चकवतं. पक्की परीक्षा प्रयोगशाळेतली. आपल्याकडे वनस्पती तुपात तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं गेलं, ते चवीसाठी नव्हे. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल घातलं की तिळाच्या तेलाला गुलाबी-लाल रंग येतो. तुपात वनस्पतीची भेसळ असली की तोच रंग उमटतो आणि चोर सापडतो. आम्लाचा हा प्रयोग घरी करू नका.

मार्गारीन काढलं कुणी? आणि कशाला?

फ्रान्समध्ये, १८६९ साली, इपोलित मेज-मुरिएस या रसायनतज्ज्ञाने. सैन्याला आणि गरिबांना परवडेल असा, टिकणारा बटरचा पर्याय शोधणाऱ्याला तिसऱ्या नेपोलियनने बक्षीस लावलं होतं. मेज-मुरिएसने गाईच्या चरबीतला मऊ भाग वेगळा करून तो दुधाबरोबर घुसळला. म्हणजे पहिलं मार्गारीन वनस्पतीचं नव्हतंच. तेलाचा घट्ट गोळा करायची युक्ती पुढे आली. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन माणसाने १९०२ मध्ये तेलात हायड्रोजन सोडून ते गोठवण्याचं पेटंट घेतलं, आणि मग चरबीची गरज उरली नाही.

दूधवाल्यांनी ते सुखाने येऊ दिलं नाही. अमेरिकेत १८८६ मध्ये मार्गारीनवर खास कर बसला, आणि काही राज्यांनी तर ते गुलाबी रंगवूनच विकायचं असा कायदा केला, म्हणजे कोणी हात लावू नये. तो गुलाबी कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये रद्द केला. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये पिवळ्या मार्गारीनवरची बंदी २००८ पर्यंत होती! आपल्याकडच्या तिळाच्या तेलाचा उपाय यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा वाटतो मला.

म्हणजे ते मांसाहारी आहे का?

आता नाही. आपल्याकडचं मार्गारीन वनस्पती तेलाचंच असतं, पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्या. ही शंका जुन्या लोकांच्या मनात का घर करून आहे तेही समजण्यासारखं आहे. १९८३ मध्ये वनस्पती तुपात आयात केलेल्या जनावरांच्या चरबीची भेसळ उघड झाली होती आणि देशभर गदारोळ उडाला होता. आमच्या घरी त्यानंतर कित्येक वर्षं देवाच्या नैवेद्याला डालड्याचं नाव काढायची सोय नव्हती.

उपासाला म्हणाल तर तो ज्याच्या त्याच्या घरचा नियम. नैवेद्याला मी तूपच घेते. दूध चालत नसलेल्यांनी हिरव्या ठिपक्यावर भिस्त ठेवू नये. दुधाची पावडर असली तरी ठिपका हिरवाच असतो, तेव्हा घटकांची यादी वाचा.

‘मार्गारीन प्लास्टिकपासून एक पायरी दूर आहे’, ‘टर्की पक्ष्यांना चारायला बनवलं होतं’ असे मेसेज येतात. खरं?

टर्कीची गोष्ट साफ खोटी, वरचा इतिहास वाचलातच. प्लास्टिकचा आणि मार्गारीनच्या रेणूंचा काही संबंध नाही. ‘त्यावर माशी बसत नाही’ हेही त्याच मेसेजमध्ये असतं. आमच्याकडे जूनमध्ये उघडं ठेवून बघा.

पण धुरामागे थोडी आग होती, आणि ती ट्रान्स फॅटची. तेलात हायड्रोजन अर्धवट सोडला की काही रेणूंची ठेवण बदलते, आणि ही ट्रान्स चरबी रक्तातलं वाईट कोलेस्ट्रॉल वाढवते आणि वर चांगलं कमी करते. हे दुहेरी नुकसान नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि कातान यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं. तोवर जगभरचे डॉक्टर बटर सोडून मार्गारीन खायला सांगत होते. लोकांचा विश्वास तिथे उडाला, आणि उडणं रास्तच होतं.

त्यानंतर नियम घट्ट होत गेले. आपल्याकडे तेल, वनस्पती आणि मार्गारीन यांतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा आधी १० टक्के, मग ५, १ जानेवारी २०२१ पासून ३ आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के. बेकरीच्या तयार मालातल्या स्निग्धांशालाही आता हीच मर्यादा आहे. म्हणून आज दुकानात मिळणारं नोंदणीकृत मार्गारीन आणि १९९५ सालचं मार्गारीन ही एकच वस्तू नव्हे. बिननावाचा, लेबल नसलेला सुटा माल मात्र मी घेत नाही, कारण त्याला कुठली मर्यादा लागू झाली हे सांगणारं कोणी नसतं.

मग कोलेस्ट्रॉल असलेल्याने बटर सोडून मार्गारीन खावं का?

हायड्रोजन गेला तरी वडी घट्ट राहायलाच हवी. आता ते काम पाम तेलाचा घट्ट भाग करतो, आणि पाममध्ये संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी भरपूर. बटरमध्ये शंभर ग्रॅमला साधारण पन्नास ग्रॅम संपृक्त चरबी असते. पामच्या घट्ट मार्गारीनचा आकडा त्याच्या फारसा खाली नसतो. कोलेस्ट्रॉल त्यात नसतं हे खरं, पण रक्तातलं कोलेस्ट्रॉल वाढवण्यात संपृक्त चरबीचाच हात मोठा. उष्मांकही दोघांचे सारखेच, शंभर ग्रॅमला ७२० च्या आसपास. डब्यातलं मऊ स्प्रेड यात जरा उजवं, त्यात पातळ तेल जास्त आणि एकूण स्निग्धांश कमी.

पाकिटामागे संपृक्त आणि ट्रान्स हे दोन्ही आकडे छापावे लागतात. दोन पाकिटं शेजारी धरून वाचा. ‘ट्रान्स फॅट फ्री’ या मोठ्या अक्षरांवर भाळू नका. ते खरं असेल, पण संपृक्त चरबीबद्दल ते काही बोलत नाही. तुम्हाला गोळ्या चालू असतील तर किती खायचं हे डॉक्टर ठरवतील, मी नाही. मुलांच्या पावावर मी बटर लावते, पातळ.

खोबरेल तेल चालेल का? ते तर आपल्या घरचं.

केकला चालतं, आणि गोव्यातल्या माणसाला त्या वासाचं वावडं नाही. २४-२५ अंशांखाली ते गोठतं, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवून बटरसारखं फेटताही येतं. पण संपृक्त चरबीत ते बटरच्याही पुढे आहे, म्हणून ‘तब्येतीसाठी’ म्हणून बदलू नका. चवीसाठी बदला. केळ्याच्या केकमध्ये फार छान लागतं.

घरचं लोणी असताना हे सगळं कशाला?

घरचं ताजं लोणी असेल तर भाकरीवर, पोयेवर आणि थालीपिठावर दुसरं काही घालायचं नाही. केकला घालताना ते गार पाण्यात दोन-तीनदा धुऊन, ताक पूर्ण काढून, मलमलच्या फडक्यात घट्ट पिळून घ्या. घरच्या लोण्यात पाणी किती हे कोणालाच माहीत नसतं, आणि केक बिघडतो तो त्यामुळे. आंबट ताकाचा अंश राहिला तर बेकिंग सोडा जरा जास्त लागतो.

ठेवायचं कसं? पावसात वीज जाते तेव्हा काय करू?

दोन्ही झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये, माशांपासून लांब. बटर आणि मार्गारीन दोन्ही वास ओढून घेतात. ज्या फ्रिजमध्ये बांगडे मसाला लावून ठेवलेत तिथे कागदात गुंडाळलेली वडी दोन दिवस ठेवलीत, तर तिसऱ्या दिवशीच्या व्हॅनिला केकला कोणी हात लावणार नाही.

वीज गेली आणि मार्गारीन नुसतं मऊ पडलं तर काही बिघडलं नाही. पूर्ण वितळलं असेल तर ते पुन्हा गार करून केकला घालू नका. कारखान्यात ते झटक्यात थंड करून घुसळतात, म्हणून त्याचे स्फटिक बारीक आणि एकसारखे असतात. फ्रिजमध्ये ते हळूहळू गोठतं, स्फटिक मोठे होतात, रवाळ पडतं आणि मग हवा धरत नाही. पाणीही तळाशी वेगळं झालेलं दिसेल. वास ठीक असेल तर केकचे डबे माखायला वापरा. वास खवट आला, साबणासारखा किंवा जुन्या रंगासारखा, तर टाकून द्या.